सतराव्या मिनिटाचा खोकला

"गाडीत ठेवू नकोस," असं साहेबांनी मला चार वेळा बजावलं होतं. एकदा तोंडी, एकदा ईमेलवर, एकदा खोक्याच्या झाकणावर पिवळी चिठ्ठी चिकटवून, आणि चौथ्यांदा मी पार्किंगमधून निघत असताना काचेवर टकटक करून. तर मी गाडीत ठेवलं नाही. शारजाहून दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सपर्यंतच्या दीड तासाच्या ट्रॅफिकमध्ये एसी फुल्ल सोडून, ती चारही खोकी शेजारच्या सीटवर बसवून मी घरी आणली. वजन बघून गाडीला वाटलं माणूसच बसलाय, ती टिंग टिंग बोंबलायला लागली, म्हणून मी खोक्यांना सीटबेल्टसुद्धा लावला. लिफ्टमध्ये कुणाचा धक्का लागायला नको म्हणून तीन मजले जिन्याने चढले. आता यापलीकडे माणसानं काय करायचं, तुम्हीच सांगा.

माती मी नंतर खाल्ली.

साहेब म्हणजे आमचे मालक. जर्मन, वय चौऱ्याहत्तर, उंची दरवाज्याएवढी. शारजा औद्योगिक क्षेत्रात त्यांचं रबराच्या गास्केटचं वर्कशॉप होतं. गास्केट म्हणजे पाइपांच्या सांध्यात बसवायच्या रबरी चकत्या, बाकी काही नाही. मी तिथे परचेस आणि ॲडमिन बघते, म्हणजे खिळ्यापासून व्हिसापर्यंत सगळं. मी मूळची सांगलीची. माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा, हे ट्रकवाल्यांपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. साहेबांना तो आवाज आवडायचा. "तू ऑपेरात असायला हवी होतीस," असं ते म्हणायचे, आणि पहिली दोन वर्षं मला ती शिवी आहे की कौतुक, हे कळत नव्हतं.

खोक्यांमध्ये होत्या एका जर्मन ऑपेराच्या ग्रामोफोनच्या एकोणीस तबकड्या. ऑपेरा एकच, पण ती चार संध्याकाळी चालते. एका संध्याकाळचं एक खोकं, एकूण पंधरा तास. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी तिकडच्या कुठल्याशा थिएटरात, समोर लोक बसलेले असताना, चारही संध्याकाळी मायक्रोफोन लावून ती रेकॉर्ड केली होती. जाणकार लोक ते रेकॉर्डिंग ऐतिहासिक मानतात म्हणे. साहेबांनी तर ते देव्हाऱ्यात ठेवायचंच बाकी होतं. स्टुडिओत बसून केलेल्या रेकॉर्डिंगचं नाव काढलं की ते नाक मुरडायचे. "लाइव्ह मीन्स लाइव्ह," ते टेबलावर बोट आपटून सांगायचे. "गायक धापा टाकतो, ती धाप आत. स्टेजवर कोणाचा पाय आपटतो, तो आत. चुकलं तर चुकलेलं आत. खलास." खलास हा त्यांचा लाडका शब्द. अठ्ठावीस वर्षं इथे काढल्यावर त्यांना अरबी एवढंच येत होतं: यल्ला आणि खलास. एकानं काम सुरू व्हायचं, दुसऱ्यानं संपायचं.

मी ती ऑपेरा पहिल्यांदा ऐकली ती रमजानात. रमजानात आमचं ऑफिस दोन वाजता सुटतं, माणसं पांगतात, मशिनी थंड असतात. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, आणि म्हणाले, आज तुला माझ्या बायकोला भेटवतो. मी चपापले. कारण मॅडम मी नोकरीला लागायच्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या. भिंतीवर त्यांचा फोटो होता, चांगल्या हसऱ्या. मला वाटलं, आता हे प्लँचेट वगैरे करतात की काय.

त्यांनी घरून आणलेल्या तिसऱ्या खोक्यातली दुसरी तबकडी काढली, दुसरी बाजू वर केली, आणि सुई ठेवली. मग एक माणूस ओरडायला लागला. मी विचारलं, ह्याला काय झालंय? साहेबांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. कोणाची तरी सोन्याची अंगठी चोरीला जाते, त्यावरून देव, राक्षस, बुटके, सगळे एकमेकांच्या उरावर बसतात. मी म्हटलं, साहेब, आमच्या सांगलीला पोलिसात कंप्लेंट दिली असती तर पंधरा तास लागले नसते. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. माझ्या पायांना मुंग्या आल्या. मग ढोलावर दोन ठोके पडले, सगळं संगीत एकदम थांबलं, आणि त्या शांततेत स्वच्छ ऐकू आलं: एका बाईचा खोकला. खॅक्. आणि लगेच कागदाची चुरचुर.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अगं बाई, पाणी द्या कुणीतरी हिला!"

साहेबांनी पाणी एवढाच शब्द ओळखला. बाकीचं मी इंग्रजीत सांगितलं. त्यावर हा एवढा मोठा माणूस हसत सुटला, इतका की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "पाणी नव्हतं," ते म्हणाले. "माझ्याकडे पेपरमिंटची गोळी होती. ती चुरचुर म्हणजे मी."

तेव्हा ते वीस वर्षांचे, कॉलेजातले. पुढच्या रांगेत एक अनोळखी मुलगी खोकली. सगळ्या थिएटरला माहीत होतं की रेकॉर्डिंग चालू आहे, श्वाससुद्धा जपून घ्यायचाय. ह्यांनी मागून गोळी दिली, कागदासकट. मध्यंतरात ती मुलगी तरातरा भांडायला आली: माझा खोकला एकदाच वाजला, तुमचा कागद किती वेळ वाजत होता! ते भांडण मग चाळीसहून जास्त वर्षं चाललं. सुखाचं भांडण. मॅडमना आपला आवाज मुळीच आवडत नसे. फोटोला उभ्या राहायच्या, पण कोणी व्हिडिओ सुरू केला की हात आडवा. त्या गेल्यावर साहेबांनी घरातलं सगळं शोधलं. कुठे एक "हॅलो"सुद्धा सापडलं नाही. त्यांच्या आवाजाचं या जगात उरलेलं एवढंच होतं: सतराव्या मिनिटाचं ते खॅक्.

तो खोकला त्यांनी मला नंतर सहा वेळा ऐकवला. दर वेळी पहिल्यापासून. सुई मधेच ठेवायची नाही, हा नियम. सतरा मिनिटं वाट बघितल्याशिवाय ती येत नाही, असं म्हणायचे. मला त्या ओरडणाऱ्या माणसाची सगळी ओरड पाठ झाली होती.

तर यंदा जूनमध्ये साहेबांनी वर्कशॉप विकलं आणि कायमचं जर्मनीला जायचं ठरवलं. त्यांच्या व्हिलातलं सामान पॅकर्सनी कंटेनरमध्ये भरलं. पण ही खोकी ते पॅकर्सच्या हातात द्यायला तयार नव्हते. ती ते विमानात स्वतः नेणार होते. व्हिला रिकामा होऊन विमानापर्यंत दहा दिवस मधे होते आणि तेवढे दिवस खोकी ठेवायची कुठे? रात्री एसी बंद झाला की केबिन तापते, म्हणून तिथे नको. फोरमन चाचांकडे देणार नव्हते, कारण चाचा जे दिसेल त्यावर चहाचा ग्लास ठेवतात. "या कंपनीत फायलींना प्लास्टिक कव्हर घालणारी तू एकटीच आहेस," असं म्हणून त्यांनी ती मला सोपवली. माझी छाती अशी फुगली म्हणता.

घरी आल्यावर मी झाकणं उघडली आणि नाकाला पदर लावायची वेळ आली. व्हिलातल्या एसीचं पाणी कधीतरी ठिबकलं असणार. पुठ्ठ्याला बुरशीचा कुबट वास मारत होता. सगळ्यात वाईट वास तिसऱ्या खोक्याला. आता मला सांगा, कुबट वास आला की आपल्याकडे काय करतात? मी सांगलीला आईला व्हिडिओ कॉल लावला, खोकं कॅमेऱ्यापुढे धरलं. आई पंख्याखाली शेंगा सोलत होती. तिने चष्मा वर केला आणि एका क्षणात निकाल दिला. "ऊन दाखव."

आमच्या घरी सगळ्याला ऊन दाखवतात. गाद्यांना, गोधड्यांना, लोणच्याच्या बरणीला, डाळी-तांदळाला, पुस्तकांना, ठेवणीतल्या साड्यांना. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बाजाच्या पेटीलासुद्धा वर्षातून एकदा गच्चीवर नेऊन अर्धा तास बसवायचे, पाहुण्यासारखं. ज्याच्यावर जीव आहे त्याला ऊन दाखवायचं, हे माझ्या हाडात आहे. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, हेच मला कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता मी बाल्कनीत जुनी सुती साडी अंथरली. आमच्या बिल्डिंगमध्ये बाल्कनीत वाळत घालायला बंदी. बाहेरून काही दिसलं की सिक्युरिटीवाला खालून फोन करतो. म्हणून मी साडी अगदी कठड्याच्या आडोशाला, खाली फरशीवर अंथरली. फरशी पायाला चटका देत होती. मला उलट बरं वाटलं, की चला, छान तापलंय, वास पार जाईल. तिसऱ्या खोक्यातल्या पाचही तबकड्या कव्हरातून काढून मी ओळीने मांडल्या. कावळा नको यायला म्हणून शेजारी छत्रीही ठेवली. आणि आत जाऊन भाजी फोडणीला टाकली.

पंधरा-वीस मिनिटांनी मी दुसरी बाजू वर करायला गेले. हो, उलटायला. पापड उलटतात तशा.

पाचही तबकड्यांनी माना वर काढल्या होत्या. एकीचा द्रोण झाला होता. एकीची कड मुरडून करंजीसारखी झाली होती. एक साडीच्या चुणीवर बसली होती, तिने ती चूण जशीच्या तशी उचलली होती. आणि दुसऱ्या नंबरची, मॅडमची, खोलगट थाळीसारखी शांतपणे पडली होती, तिच्यात वरण वाढता आलं असतं.

मी किंचाळले. लेक आतून धावत आली. ती चौदा वर्षांची आहे, आमच्याशी इंग्रजीतच बोलते. तिने बघितलं, आणि म्हणाली, "आई. यू कुक्ड देम."

"गप्प बस!" मी ओरडले, आणि खाली बसून रडायला लागले. खरं सांगते, मी सहसा रडत नाही, भांडते. पण भांडायला समोर कोणी नव्हतं. गाडीत ठेवू नकोस, गाडीत ठेवू नकोस, एवढंच डोक्यात घणघणत होतं. त्या बिचाऱ्याला काय माहीत, की "बाल्कनीत पापडासारखं वाळत घालू नकोस" असंही बजावावं लागतं.

नवऱ्याने घरी येऊन परिस्थितीची पाहणी केली आणि म्हणाला, "वरती काहीतरी जड ठेव." मी गादीखाली तबकड्या घातल्या, वर दहा किलो आट्याची पिशवी ठेवली, त्यावर त्यालाच बसवलं. तासाभराने उचललं तर सगळ्यांनी परत माना वर. आईला सांगायची सोय नव्हती. तिनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, अगं पण तुमच्याकडचं ऊन किती कडक, जरा अक्कल नको का. सल्ला तिचा आणि अक्कल माझी काढायची.

मग लेकीला दया आली. तिने फोनवर शोधलं आणि ओरडली, "इट्स हिअर! सेम इयर, सेम थिएटर. द होल थिंग!" मी ताडकन उठले. तेच ऐतिहासिक रेकॉर्डिंग, नव्याने चकाचक करून ठेवलेलं. मला वाटलं, सुटले. पेन ड्राइव्हमध्ये घालून देते, पाया पडते, खलास. आम्ही दोघी सोफ्यावर बसलो. तिसरी संध्याकाळ लावली. मला जागा पाठ होतीच. तो माणूस ओरडला, धापा टाकल्या, आणि आला तो ढोल. एक ठोका. दुसरा ठोका. शांतता.

आणि मग व्हायोलिन.

"मागे घे," मी म्हटलं. तिने मागे घेतलं. ठोका, ठोका, शांतता, व्हायोलिन. चार वेळा ऐकलं. खोकला नव्हता, चुरचुर नव्हती, काहीच नव्हतं. लेकीने खालची माहिती वाचली. "दे क्लीन्ड इट, आई. ऑडियन्स नॉइज रिमूव्ह्ड."

"नॉइज?" माझा आवाज चढला. "नॉइज म्हणतात तिला? कुठल्या शहाण्याने काढली? कुणाला विचारून काढली? धापा ठेवल्या त्या माणसाच्या आणि बाई तेवढी पुसून टाकली!" मी त्या फोनशीच भांडत होते. लेक घाबरून पाणी घेऊन आली. पण त्या क्षणी मला लख्ख कळलं, की साहेब जायच्या आत माझ्या हाताला लागेल असा तो खोकला जगात एकाच ठिकाणी उरलाय, आणि त्या ठिकाणाची मी थाळी करून ठेवली आहे.

सोमवारी सकाळी मी त्या पाच तबकड्या चादरीत गुंडाळून वर्कशॉपमध्ये नेल्या आणि थेट फोरमन चाचांसमोर ठेवल्या. चाचा श्रीवर्धनकडचे, साठीचे, साहेबांबरोबर पहिल्या दिवसापासून. त्यांनी एक तबकडी उचलली, उलटसुलट केली. "काय गो बाय, भांडी घडवलीस?"

"चाचा, थट्टा नको. सपाट करून द्या. तुम्ही रबर दाबता ना रोज?"

"रबर वेगळा, ह्यो प्लास्टिक वेगळा. रबराला रागावला तरी चालतो. प्लास्टिक रुसला की परत येत नाय." त्यांनी चहाचा ग्लास ठेवायला जागा शोधली, नेमकी एका तबकडीवर. मी ग्लास हिसकावून घेतला आणि सगळी हकिकत सांगितली. गाणंबिणं ऐकून ते नुसते हुं हुं करत होते. खोकल्यापाशी आले तेव्हा थांबले.

"कुणाचा खोकला? मॅडमचा?"

"हो."

"ह्येच्यात मॅडम हायत?" त्यांनी ती थाळी दोन्ही हातांत धरली. "आमच्या ईदला केक घेऊन यायच्या. स्वतः भाजलेला. कडक असायचा, पण कधी चुकल्या नाहीत. हे आधी नाय सांगायचा? मी ग्लास ठेवला असता की गो तिच्यावर."

मग चाचांनी दुपारी शिफ्ट सुटल्यावर काम हातात घेतलं. जुन्या टेबलाच्या दोन जाड काचा धुऊन पुसून आणल्या. आमच्याकडे गास्केट पक्की करायची मोठी भट्टी आहे, ती मंद केली. दोन काचांच्या मधे तबकडी, आणि ते सगळं भट्टीत. पण पहिला प्रयोग मॅडमवर करायचा नाही, यावर आमचं एकमत झालं. म्हणून आधी पाचवी तबकडी घातली, तिसऱ्या संध्याकाळचा शेवट. अर्ध्या तासाने काढली. सपाट झाली होती, अगदी आरशासारखी सपाट. रेघासुद्धा गेल्या होत्या. तिच्यावर बोट फिरवलं तर गुळगुळीत, जेवणाची ताटली.

"थोडा जास्त झाला," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भट्टी आणखी मंद केली आणि पहिली तबकडी घातली. सगळ्यात मोठी मेहनत म्हणजे थांबायची: भट्टी बंद करून, दार न उघडता, काचा आपोआप गार होईपर्यंत बसायचं. चाचांनी दारावर "हात लावू नये" असं चार भाषांत लिहून लावलं. ती तबकडी बरी निघाली. रेघा शाबूत. मग बुधवारी, बिस्मिल्ला म्हणून, मॅडम आत गेल्या. मी गणपतीला नारळ बोलले. चाचांना म्हटलं, येईल ना नीट? ते म्हणाले, "इन्शाल्ला." मी म्हटलं, "इन्शाल्ला नको, हो म्हणा." ते म्हणाले, "हो, इन्शाल्ला."

गुरुवारी सकाळी काचा उघडल्या. तबकडी जवळजवळ सपाट होती. एका बाजूला हलकीशी लाट राहिली होती, पण रेघा होत्या. चाचांचं म्हणणं पडलं, आता कव्हरात घाल, खोक्यात ठेव, आणि तोंड बंद. साहेब जर्मनीला जाऊन ऐकतील, तोवर आपण इथे. मला ते पटत होतं, हे कबूल करते. पण खोकला आहे की गेला, हे कळल्याशिवाय मला घास गेला नसता. आणि ते कळायला मशीन एकच होतं, साहेबांच्या केबिनमध्ये.

साहेब व्हिसाच्या कागदांसाठी टायपिंग सेंटरला, म्हणजे सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात, गेले होते. तासभर येणार नव्हते. मी केबिनमध्ये शिरले, तबकडी लावली, सुई ठेवली. मधे ठेवायची हिंमत झाली नाही. चुकून ओरखडा गेला तर? म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, सतरा मिनिटं. तबकडी फिरताना ती लाट वर यायची आणि सुईचा दांडा होडीसारखा वर-खाली व्हायचा. तो माणूस ओरडायला लागला. त्याच्याही आवाजाला हेलकावा आला होता, बोटीत बसून ओरडल्यासारखा. मी घड्याळ बघत होते. दहा. बारा. चौदा.

दार उघडलं. साहेब.

टायपिंग सेंटरची सिस्टिम डाउन होती. ते दारात उभे राहिले, मला खुर्चीच्या टोकावर बसून, हात जोडून, त्यांची ऑपेरा एकटीने ऐकताना बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला जमीन दुभंगावी असं वाटलं. "शेवटी!" ते म्हणाले. "शेवटी तुला आवडली!" आणि टोपी काढून समोरच्या खुर्चीत बसले.

"साहेब, मला काहीतरी सांगायचंय..."

त्यांनी बोट वर केलं. त्यांची नजर तबकडीवर गेली होती. लाट वर आली, खाली गेली. वर आली, खाली गेली. त्यांनी दोनदा पापण्या मिटल्या. हसू विरलं. पण बोट वरच राहिलं, कारण सोळावं मिनिट उलटलं होतं. चाचा दारात येऊन उभे होते, हातात चहा. कोणी श्वास घेत नव्हतं.

ठोका. ठोका. शांतता.

खॅक्. चुरचुर.

होता! मी तोंडावर हात दाबला. होता, दोघंही होते! आणि तेवढ्यात सुई लाटेवर चढली, ठेचकाळली, आणि मागच्या रेघेत जाऊन पडली. खॅक्. चुरचुर. परत चढली, परत पडली. खॅक्. चुरचुर. खॅक्. चुरचुर.

मी उडी मारून उठले. "थांब," साहेब म्हणाले. मी जागच्या जागी थिजले. मॅडम खोकत होत्या, गोळी मिळत होती, त्या परत खोकत होत्या. त्या आवाजातच मी सगळं सांगून टाकलं. वास, आई, बाल्कनी, साडी, भट्टी. "मी उन्हात ठेवली, साहेब. मी माझ्या हाताने ठेवली."

"उन्हात," ते म्हणाले. "जूनमध्ये. का?"

"आमच्याकडे जपायच्या गोष्टींना ऊन दाखवतात." इंग्रजीत ते इतकं खुळ्यासारखं वाटलं की मला पुढे बोलता येईना.

मग साहेबांनी विचारलं, बाकीच्या? मी सांगितलं की पहिली बरी आहे, तिसरी आणि चौथी अजून वाकड्याच आहेत, आणि तिसऱ्या संध्याकाळचा शेवट पुसला गेलाय, कायमचा, एक रेघ उरलेली नाही. त्यांनी त्यावर विचार केला. "त्यात दोन माणसं अर्धा तास एकमेकांना सांगतात की माझं तुझ्यावर प्रेम आहे," ते म्हणाले. "थोडक्यात सांगता आलं असतं." मला हसूही येईना आणि रडणंही थांबेना.

खॅक्. चुरचुर. कोणीतरी सुई उचलायला हवी होती. मी चाचांकडे बघितलं, चाचांनी माझ्याकडे. त्यांनी मान हलवली. मशीन साहेबांचं होतं आणि बाई साहेबांची. साहेबांनी हात पुढे केला, सुईपर्यंत नेला, आणि परत मांडीवर ठेवला.

"प्रत्येक वेळी मी हिच्यासाठी सतरा मिनिटं थांबलो," ते म्हणाले, "आणि प्रत्येक वेळी ही एकदाच खोकून निघून गेली." मान न वळवता ते आमच्या भाषेत म्हणाले, "पानी."

मी कोणासाठी ते विचारलं नाही. पँट्रीत गेले, स्टीलचा ग्लास विसळून भरला, आणि आणून मशीनच्या शेजारी ठेवला. साहेब त्या ग्लासकडे बघत बसले. खॅक्. चुरचुर. खॅक्. चुरचुर. चाचांचा चहा हातातच गार झाला. बाहेर दुपारची बांग झाली, माणसं हात धुवायला निघाली, तरी ते बसूनच.

मग त्यांनी तो ग्लास उचलला, पाणी एका दमात स्वतःच प्यायले, सुई दोन बोटांनी हळूच वर केली, आणि म्हणाले, "यल्ला. जेवायला चला."